एकुलती एक प्रत

माझ्याकडे रेकॉर्ड आधी आल्या, त्या वाजवायचं यंत्र बऱ्याच उशिरा आलं. हे सांगितलं की लोक हसतात. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

कोलकात्यात फ्री स्कूल स्ट्रीटच्या फुटपाथवर जुन्या रेकॉर्डची दुकानं आहेत. दुकानं म्हणजे काय, भिंतीला टेकवलेले खोके. कॉलेज सुटल्यावर मी तिथे उकिडवी बसून एकेक वेष्टन पुढे सरकवत असे. पहिली रेकॉर्ड घेतली ती वेष्टनावरच्या फोटोसाठी. एक माणूस सॅक्सोफोन मांडीवर आडवा घेऊन बसला होता, दमलेला, कामावरून नुकताच घरी आल्यासारखा. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानातून वर आले की असेच बसायचे. ही जॅझची रेकॉर्ड आहे हे मला दुकानदारानेच सांगितलं. मूळ नाही, रीइश्यू आहे, हेही त्यानेच. रीइश्यू म्हणजे काय हे विचारायची मला लाज वाटली. घरी येऊन फोनवर शोधलं. जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा छापून काढतात, ते. वाचून मला फार बरं वाटलं. कुणीतरी कुठल्याशा हॉटेलात कधीकाळी वाजवलेलं पुन्हा सगळ्यांना मिळावं, म्हणून दुसरं कुणीतरी खटपट करतं. अशी कामं जगात असतात हे मला माहीत नव्हतं.

आमचं घर बहूबाजारात, सोन्याच्या पेढ्यांच्या मागच्या गल्लीत. आम्ही गलाईवाले. सांगलीकडच्या गावांतून निघून देशभरच्या सराफ बाजारांत लोक पसरले आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. त्यातलंच आमचं एक घर. खाली भट्टी, वर आम्ही. कोलकात्यातले बाकीचे मराठी लोक बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले, बदलीवर आलेले. ते गणपतीत भेटतात, आमचं बोलणं ऐकतात आणि "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारतात. आपल्यातले नाहीत, हे त्यांना त्या उत्तराआधीच कळलेलं असतं. अण्णा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी.

यंत्र शेवटी अण्णांनीच आणलं. गल्लीतल्या एका सोनाराने अडगळीत टाकलेलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा ते दोघेही शेजारी येऊन बसले होते.

"हे सगळे एकदमच बोलतायत की गं," अण्णा म्हणाले.

"वाढप्यांचं भांडण लागल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "जेवायला बसलेल्यांनी काय करायचं?"

पण बंद कर असं कुणी म्हणालं नाही.

त्या फुटपाथवरच्या दुकानदारानेच मला एका गृहस्थांचा पत्ता दिला. बालिगंजमधलं जुनं घर. ते एका व्यापारी कंपनीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि त्यांच्या दोन खोल्या जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डनी भरलेल्या. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चार-पाच वयस्क मंडळी जमायची आणि ऐकायची. मी त्यांना सर म्हणायला लागले. ते कुणालाच शिकवत नव्हते. पण इंग्रजी बोलणाऱ्या वयस्क माणसाला दुसरं काय म्हणायचं, हे मला सुचत नव्हतं. मी सर म्हणायचे म्हणून अण्णांनाही ते सरच झाले. "तुझे सर कसे आहेत?" असं ते विचारायचे. मला अभ्यासात कुणीतरी मोठा माणूस मदत करतोय, अशी त्यांची समजूत असावी. मी ती मोडली नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "काय काय आहे तुझ्याकडे?"

मी सांगितलं. माझी यादी दोन वाक्यांत संपली.

"सगळ्या रीइश्यू?"

"हो."

"म्हणजे झेरॉक्स."

सगळे हसले. त्यांच्यात एक डॉक्टर होते, ते म्हणाले, "असू दे रे. आम्हीसुद्धा झेरॉक्स वाचूनच पास झालो." मग पुन्हा हसले. त्या दिवसापासून माझं नाव रीइश्यू पडलं. "एशो एशो, ये ये, रीइश्यू आली. हिला खुर्ची द्या, मूळ लाकडाची." मीही हसायचे. न हसणारी पोरगी त्या खोलीत टिकली नसती.

मी खोटं लिहिणार नाही. ऐकायचं कसं, हे मी तिथेच शिकले. एकाच वाद्याच्या मागे लागून पूर्ण तुकडा ऐकायचा, मग पुन्हा लावून दुसऱ्या वाद्याच्या मागे जायचं. सर डोळे मिटून बोट वर करायचे, आणि नेमकं तिथे ड्रमवाला काहीतरी करायचा, जे मला आधी ऐकूच आलेलं नसायचं. असं कुणी मला कॉलेजातही शिकवलं नव्हतं. त्यांच्या रेकॉर्ड धुवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने करायचे.

त्यांच्याकडे एक रेकॉर्ड होती, जी ते फार क्वचित लावत. लाखेची, जुन्या पद्धतीची, दोन्ही बाजूंना एकेक तुकडा. पार्क स्ट्रीटच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदाची, इथेच कोलकात्यात ध्वनिमुद्रित झालेली. त्यांची तेवढी एकच रेकॉर्ड निघाली, तीही थोड्या प्रतींत, आणि बाकीच्या प्रती कुठे कुणाला दिसलेल्या नाहीत. सर तिच्यावर कोरलेला नंबर देवाचं नाव घ्यावं तसा घेत. ऐकून ऐकून तो आम्हाला सगळ्यांना पाठ झाला होता. रेकॉर्ड खूप झिजलेली होती. सुई ठेवली की आधी तेल तापल्यासारखी चरचर, आणि तिच्या पलीकडे कुठेतरी एक क्लॅरिनेट. तो वाजवणारा घाईत नव्हता. बाकीचे पुढे निघून गेले तरी हा मागे राहून एखादी गोष्ट पुन्हा बघून घ्यावी तसं वाजवायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभा राहून हे वाजवत होता, आणि आमच्या गल्लीत कुणालाही ते माहीत नाही. ती चरचर बाजूला काढून हे सगळ्यांना ऐकू यायला हवं, असं मला इतकं वाटलं की त्या रात्री मी आईलाही ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं.

एका रविवारी सरांनी आम्हाला एक ईमेल वाचून दाखवली. परदेशातली एक बाई, तिची रीइश्यू काढणारी छोटी कंपनी. आशियातल्या बंदरांच्या शहरांत वाजलेलं जुनं जॅझ ती गोळा करत होती. कोलकात्यासाठी तिला या रेकॉर्डची ध्वनिमुद्रित नक्कल हवी होती. फार अदबीने लिहिलं होतं तिने.

"हिला वाटतं मी तिचा हमाल आहे," सर म्हणाले. "उचलायचं आणि तिच्या दारात नेऊन ठेवायचं."

मी घाबरत विचारलं, "पण सर, रेकॉर्ड तर तुमच्याकडेच राहील ना?"

"आणि मग माझ्याकडे काय राहील?"

मला प्रश्न कळला नाही. "रेकॉर्ड," मी म्हणाले.

डॉक्टर जोरात हसले. सर हसले नाहीत. "तू अजून लहान आहेस," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात खिदिरपूरच्या गोदीकडचा एक भंगारवाला आमच्या दुकानात एक पोतं घेऊन आला. एका जुन्या गोदामात वर्षानुवर्षं पडलेला माल होता, कधीकाळी एका रेकॉर्डच्या कारखान्यातून निघालेला. पोत्यात धातूच्या गोल पाट्या होत्या. रेकॉर्ड छापायचे साचे. तांब्याच्या, आणि एका बाजूला चांदीची चकाकी. चांदी किती निघते ते बघायला त्याने त्या आणल्या होत्या. मी कॉलेजातून आले तेव्हा अण्णा त्या जमिनीवर पसरून बघत होते. बहुतेक वाकलेल्या होत्या, काही कात्रीने कापलेल्या. एक मात्र सपाट आणि अख्खी होती. मी ती उचलली. साच्यावर सगळं उलटं असतं. जिथे रेकॉर्डवर खाच असते तिथे साच्यावर उंचवटा, आणि अक्षरंही उलटी. मी ती भिंतीवरच्या आरशासमोर धरली आणि मधल्या गोलाजवळ कोरलेला नंबर वाचला.

तोच नंबर होता.

"अण्णा, ही बाजूला ठेवा. हिला हात लावू नका."

"काय आहे तिच्यात?"

"गाणं आहे. म्हणजे वाजवलेलं. जगात फक्त एका माणसाकडे आहे, तेही झिजलेलं. यातून नवं निघेल."

अण्णांनी पाटी हातात घेतली, उजेडाकडे तिरकी केली. "यात?" ते म्हणाले. मग भंगारवाल्याला म्हणाले, "ही आमची. पोरीला हवीय." आणि त्यांनी ती फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात, लोकांचा माल ठेवायच्या जागेच्या वर ठेवली.

मी लगेच सरांना फोन केला. मला वाटलं होतं ते आनंदाने ओरडतील. त्यांनी आधी विचारलं,

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"शाबास. अजून कुणाला सांगू नकोस. असले नंबर पुन्हा पुन्हा वापरले जातात, खोटी आशा वाईट. मी येऊन बघतो."

ते आले नाहीत. एका रविवारी मान धरली होती, एका रविवारी पाहुणे. मी वाट बघितली आणि मग मला राहवलं नाही. त्या परदेशी बाईचा ईमेल पत्ता तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर होताच. मी फोटो काढून पाठवले. माझं इंग्रजी मी चार वेळा तपासलं होतं, तरी उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. असा साचा सापडणं किती अवघड असतं, हे तिने लिहिलं होतं. एक खास सुई असते, ती त्या उंचवट्यावर खोगिरासारखी बसते, आणि त्यातून आजवर कुणी ऐकला नसेल इतका स्वच्छ आवाज निघतो. साचा नेण्याची व्यवस्था ती करणार होती. रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेत माझं नाव येईल आणि वडिलांच्या दुकानाचंही, असं होतं. आणि शेवटी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: कृपा करून तो धुऊ नका, फडक्याने पुसूही नका.

हे सगळं मी सरांना सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. उलट त्यांना बरं वाटेल, असं वाटलं. शेवटची ओळही मी वाचून दाखवली.

"हं," ते म्हणाले. "पुसूही नका." मग म्हणाले, "तुझी परीक्षा जवळ आली ना? पेपर कधी कधी आहेत?"

मी सगळे दिवस आणि वेळा सांगितल्या. त्यांनी विचारलं याचंच मला अप्रूप वाटलं. पेपर कधी आहेत, हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या पेपरच्या दिवशी मी सियालदहकडून चालत घरी आले. पेपर चांगला गेला होता. गल्लीत शिरतानाच तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास आला. पण तो आमच्याकडे रोजच येतो. अण्णा दुकानाच्या दारात उभे होते, खुशीत.

"तुझे सर येऊन गेले."

"इथे? दुकानात?"

"मग काय! गाडीतून उतरले, पांढरा झब्बा, हातात काठी. मी खुर्ची पुसून दिली. चहा मागवला, बिस्किटं मागवली. दोन कप चहा प्याले बघ. एवढा मोठा माणूस, पण साधा."

"कशाला आले होते?"

"ती पाटी बघायला. काढून दिली. इकडून बघितली, तिकडून बघितली. मग म्हणाले, इसमें चांदी कितनी होगी. मी म्हटलं, साहेब, नुसत्या डोळ्यांनी कसं सांगू, काढावी लागेल. म्हणाले, अच्छा. आणि बसले."

आमच्या धंद्यात याच्यापुढे बोलणं नसतं. गिऱ्हाइकाने वस्तू समोर ठेवली, किती निघेल विचारलं आणि खुर्चीत बसलं, की काम सुरू करायचं. गिऱ्हाईक उठून जात नाही. माल तेजाबात पडल्यापासून गोळी हातात येईपर्यंत ते तिथेच बसतं, नजर न हलवता. कारण गाळताना माल मारला जाईल, म्हणजे त्यातला थोडा चोरला जाईल, ही भीती प्रत्येकाला असते. अण्णांचं सगळं आयुष्य अशा नजरांसमोर गेलं आहे. त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही.

मी विचारलं, "तुम्ही ती तेजाबात घातलीत?"

"मी म्हटलं की त्यांना," अण्णांचा आवाज आता खाली आला होता. "म्हटलं, पोरगी हात लावू नका म्हणालीय. तर ते हसले. म्हणाले, बिटिया अभी बच्ची है. मग मी काय बोलणार? तुझे सर ते. शिकलेली माणसं. त्यांना माहीत असणार ना."

पाटी कोपऱ्यात, पाण्याच्या बादलीशेजारी उभी होती. पातळ झालेली, कडा खाल्लेली. जिथे ते बारीक, एकात एक गेलेले उंचवटे होते तिथे आता देवीच्या वणांसारखे खड्डे होते. नंबरही गेला होता. चांदीचा थर अगदी पातळ होता, आणि जे काही वाजवलेलं होतं ते नेमकं त्या थरावर होतं. निघालेली चांदी ज्वारीच्या दाण्याएवढी. अण्णांनी ती कागदाच्या पुडीत बांधून सरांपुढे धरली होती. सरांनी घेतली नाही. "बिटिया को दे दीजिए," म्हणाले. अण्णांनी ती पुडी माझ्यापुढे केली. मी ती घेतली नाही म्हणून त्यांनी ती खिशात टाकली, मग काढली, मग गल्ल्याच्या फळीवर ठेवली. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

मी अण्णांवर ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मी नुसती वर गेले आणि जेवले नाही. आईने विचारलं, "पेपर वाईट गेला का?" मी हो म्हणाले. खालून अण्णा हे ऐकत असणार. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं जपून बोलत होते. रेकॉर्ड लावली की पूर्वीसारखे येऊन बसत नव्हते. ज्या दिवशी मी ती पाटी त्यांच्या हातात दिली, त्या दिवशी त्यांनी ती उजेडाकडे कशी धरली होती, हे मला पुन्हा पुन्हा आठवायचं.

त्या बाईला मी लिहिलं: साचा आमच्या दुकानात, माझ्या वडिलांच्या हातून नष्ट झाला. सरांबद्दल लिहिलं नाही. काय लिहिणार होते? ते चहा पीत बसले होते, हा काही पुरावा नव्हे. तिने उत्तरात फक्त हळहळ लिहिली. वाईट शब्द एकही नाही.

पुढच्या रविवारी मी बालिगंजला गेले. सगळे जमले होते. सरांनी उभं राहून सांगितलं, "मित्रहो, आपल्या रेकॉर्डचा साचा सापडला होता. तो आता राहिला नाही."

"कुठे गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"वितळला. म्हणजे आता ही खऱ्या अर्थाने एकुलती एक प्रत." आणि ते कपाटाकडे वळले. "आजचा दिवस लावण्यासारखा आहे."

मी म्हणाले, "सर, तुम्ही तिथे होतात."

"होतो."

"मग थांबवलं का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे मायेनेच बघितलं, असंच म्हणावं लागेल. "शोनो," ते म्हणाले, म्हणजे ऐक. "तुझे वडील कारागीर आहेत. काम सुरू असताना कारागिराला मध्येच टोकणं असभ्य. मी फक्त एक प्रश्न विचारला होता."

"धुऊही नका, पुसूही नका, हे मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"अरे रीइश्यू," डॉक्टर मध्ये पडले, "तुमच्या घरी चांदी दिसली की गाळतात. आमच्या घरी आजारी दिसला की औषध देतो. यात त्यांचा काय दोष? आणि तुझ्या वडिलांचा तरी काय?"

कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "बस आता. सुरू करतो."

मी बसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण मी बसले. कारण ते वाजणार होतं. चरचर सुरू झाली आणि तिच्या मागून तो क्लॅरिनेट आला, तसाच बिनघाईचा, आणि मी एका वाद्याच्या मागे लागून पूर्ण ऐकलं, त्यांनीच शिकवलं होतं तसं. संपल्यावर उठले आणि घरी आले. पुन्हा गेले नाही. एकदा सरांनी त्या फुटपाथवरच्या दुकानदाराबरोबर निरोप पाठवला होता: रीइश्यूला सांग, दार उघडंच आहे.

अण्णांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी त्या माणसाला खुर्ची पुसून दिली होती, दोन कप चहा पाजला होता. ते साधेपणाचं कौतुक त्यांच्याकडून काढून घेऊन मला काय मिळालं असतं? पण त्यामुळे झालं असं की सगळा दोष त्यांच्याकडेच राहिला. दिवाळीत त्यांनी सरांसाठी फराळाचा डबा बांधायला लावला. मी तो कॉलेजातल्या मुलींना वाटला.

या वर्षी परदेशातून एक पाकीट आलं. ती रीइश्यू निघाली होती. रंगून, कोलंबो, कोलकाता. बाईने एक प्रत मला पाठवली होती, सोबत दोन ओळी. अण्णा त्या दिवशी वरच होते. पाकीट मीच फोडलं. आतमध्ये जाड कागदाची पुस्तिका होती. कोलकात्यावरचा मजकूर सरांनी लिहिला होता. त्या रेकॉर्डचा पानभर फोटो होता. तिच्यावरचं वाजवलेलं मात्र या रीइश्यूत कुठेच नव्हतं. नक्कल द्यायला सरांनी शेवटपर्यंत नकार दिला होता. फोटो दिला.

"आपल्याबद्दल आहे काही?" अण्णांनी विचारलं. "तू म्हणाली होतीस, दुकानाचं नाव येणार."

मी शोधलं. होतं, नावाशिवाय. मी त्यांना मराठीत सांगत गेले. या वाद्यवृंदाचा मूळ साचा अलीकडेच उजेडात आला होता. परंतु बहूबाजारातल्या एका भंगार गाळणाऱ्याने त्यातल्या कणभर चांदीसाठी तो नष्ट केला. या शहरात वारशाबद्दल जे अज्ञान आहे, त्याचं हे उदाहरण. मी एकही शब्द बदलला नाही. बदलायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णांनी पुस्तिका मागितली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पानं उलटली. एका पानावर सर होते, त्यांच्या खोलीत, ती रेकॉर्ड हातात घेतलेले. पांढरे सुती हातमोजे. दोन्ही तळहातांच्या मध्ये, बोटं मागे वळवून, तबकडीच्या खाचांना कुठेही स्पर्श होऊ नये अशी धरलेली. अण्णा त्या हातांकडे बघत राहिले. माणसाने कुठली वस्तू कशी धरलीय, यावरून ती त्याला किती मोलाची आहे हे ओळखणं, हाच तर त्यांचा रोजचा उद्योग.

"ही तीच का?"

"हो."

"इतकी जपतात?"

मी मान डोलावली.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," अण्णा म्हणाले. "मी बुडवली तेव्हा. धूर निघत होता तेव्हा. सगळा वेळ समोरच बसले होते की." त्यांनी पुस्तिका मिटून माझ्याकडे दिली. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि मला वाटत होतं, मी चांदी मारीन म्हणून बघतायत."